वळताना होणारी घरघर

३ तारीख, मंगळवार

ही वही मामंजींच्या हुकमावरून सुरू करतेय. "आवाजाची वही ठेव, सूनबाई. तारीख, वेग, कुठे वळवलं, आणि आवाज. डोक्यात ठेवलेला आवाज दुसऱ्या दिवशी बदलतो." माझ्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं प्रवासी लाँचचं इंजिन सांभाळलं. आता दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय, गुडघे कामातून गेलेत, कान मात्र मांजराचे. त्यांना अक्षर दिसत नाही, तेव्हा आवाजाच्या जोडीने मनातलंही इथेच लिहीन म्हणते. वाचून दाखवताना तेवढं गाळायचं.

आज सामानाच्या बोटीने पत्र आलं. पलीकडच्या काठावरच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी निवड झाली. बेचाळीस पूर्ण झालीत. आणखी सहा महिन्यांनी अर्जसुद्धा भरता आला नसता. ३० तारखेला, सोमवारी, सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पत्र चार वेळा वाचलं. मग डब्यांमागे लपवलं, का कोण जाणे.

सामानाची बोट मंगळवारी आणि शनिवारी अकराला येते, तासभर थांबते आणि जाते. बेटावर बाकी आहेत त्या वल्ह्याच्या होड्या. त्यांनी पलीकडे जायला अर्धा दिवस. म्हणजे भिस्त यांच्या मोटरबोटीवर. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती धक्क्याला ताडपत्रीखाली बांधून आहे. सव्वीस वर्षांची बोट. चालवायला मला यांनीच शिकवलं होतं. ती धड झाली तर पाऊण तासाचा प्रश्न. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सहाच्या आत घरी.

मामंजींना सांगितलं, "पलीकडे नोकरी लागली." "बरं झालं," म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्या चष्म्यातून त्यांना तसंही काही दिसत नाही.

दुपारी नवी बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. मामंजी धक्क्यावर स्टुलावर, मी बोटीत. वहीसाठी नोंद अशी: इंजिन नुसतं चालू, गिअर नाही – आवाज चांगला. गिअर टाकून सरळ – बारीक गुणगुण. सुकाणू डावीकडे – घरघर, जात्यासारखी. उजवीकडे – तीच, जरा जास्त.

आमच्या बोटीचं इंजिन पोटात असतं. मागच्या भिंतीतून एक दांडा बाहेर जातो आणि बाहेर पाण्यात लोंबणारा ड्राइव्ह फिरवतो. त्याला सगळे शेपूट म्हणतात. शेपटाच्या टोकाला पंखा. सुकाणू फिरवलं की शेपूटच वळतं.

"ऐकलंत ना?" मी विचारलं. मामंजी मान कलती करून बसले होते. उत्तर द्यायला त्यांनी इतका वेळ लावला की मला वाटलं डुलकी लागली.

"पट्ट्यापासून सुरुवात करू," ते म्हणाले. "पुढून मागे जायचं. घाई करणाऱ्याला इंजिन दोनदा उघडावं लागतं."

५ तारीख, गुरुवार

इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा असतो. त्यावर बॅटरी चार्ज करणारा डबा आणि दोन पंप फिरतात. पट्टाच काढून टाकायचा आणि दोन मिनिटं इंजिन चालवायचं. आवाज गेला तर दोष त्या तिघांत, राहिला तर तिघे निर्दोष. किती सरळ न्याय! पट्टा काढला, बोट बांधलेल्या दोरावरच गिअर टाकला, सुकाणू वळवलं. घरघर जशीच्या तशी.

"तिघेही सुटले," मी ओरडले.

"पट्टा तरी बदल. चिरा पडल्यात."

"तुम्हाला कुठे दिसल्या?"

"हाताला लागल्या." आणि खरंच होत्या. बोटांना डोळे आहेत मामंजींच्या. नवा पट्टा मंगळवारच्या बोटीने येईल. तोवर इंजिन चालू करायचं नाही, असं फर्मान. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी द्यायलाही पाच दिवस थांबायचं.

८ तारीख, रविवार

वन्संचा फोन आला. माझी नणंद दूर असते, दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी मामंजींना आपल्याकडे नेण्याचं बोलते. मामंजी दर रविवारी म्हणतात, "मी इथेच बरा." आज माझी नोकरी ऐकून ती आनंदाने रडायलाच लागली. "आता तू मोकळी हो ग वहिनी. किती वर्षं त्या दोन खोल्यांत काढलीस!" तिच्या ओळखीत प्रयोगशाळेजवळ एक खोली आहे म्हणे, रिकामीच असते. वारा सुटला, पाणी खवळलं तर त्या रात्री राहायला बरी. मी म्हटलं, बोलून ठेव खोलीचं.

आमच्या घरात फोन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी लागतो, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू जातं. माझी बाजू तेवढी. मामंजी बाहेर ओट्यावर होते. जेवायला बसले तेव्हा अर्ध्यावर ताट सारलं. पोट बरं नाही म्हणाले.

१० तारीख, मंगळवार

पट्टा आला, बसवला. आवाज तोच. मामंजी म्हणाले, "आता पाण्याचा पंप उघड."

"पण पट्टा काढला तेव्हाच दोन्ही पंप सुटले होते ना?"

"हा तिसरा, पट्ट्यावर न चालणारा. इंजिनाच्या खाली."

वीस दिवस उरले.

१२ तारीख, गुरुवार

आज मी अडकले. खरोखरची, शरीराने.

तो तिसरा पंप इंजिन आणि बोटीची भिंत यांच्यामधल्या बोळात आहे. डोकं खाली, एक हात पुढे, अशी उतरले. चार बोल्ट काढले, झाकण काढलं, आतलं रबरी चाक धडधाकट. परत बसवलं. आणि वर येऊ लागले तर येता येईना. खांदा एका पाइपाखाली, कंबर फळीत. जितकी ओढले तितकी रुतले. नाकाशी तेलाचं पाणी. सुरुवातीला हसू आलं, मग हसू संपलं. बाहेरून कुणाला दिसत असेल ते चित्र काही फार शोभेचं नसणार.

मामंजींना बोटीत उतरता येत नाही. धक्क्यावरून त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नव्हते. "मला बाहेर पडायचंय हो! मला नाही राहायचं इथे! घुसमटले मी!" असं ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

 मग अगदी हळू, लाँचवर घाबरलेल्या प्रवाशांशी बोलत असतील तसं, ते म्हणाले, "ओढू नकोस. आधी श्वास सोड. सगळा सोड. आता डावा खांदा खाली दाब, वर नाही, खाली. आता कंबर फिरव." पाऊण तास बोलत होते. मी वर आले तेव्हा कोपर सोललं होतं. त्यांच्या स्टुलाशी बसून मी रडले, आणि त्यांनी माझ्या तेलकट डोक्यावर हात ठेवला. हे गेले तेव्हाही त्यांनी असा हात ठेवला नव्हता.

संध्याकाळी ते लवकरच अंथरुणावर पडले. मी म्हटलं, मी ओरडले त्याचं वाईट वाटलं का? "नाही ग. माणूस अडकलं की खरं बोलतं," म्हणाले. इंजिनाबद्दलच बोलत असावेत.

१५ तारीख, रविवार

आता पंखा. धक्क्याशेजारच्या उतारावर बोट ओढायला चार शेजारी आले. पंखा काढला तर मागे दांड्याला मासेमारीचा धागा गुंडाळलेला, मूठभर. "सापडलं घोडं कुठे पेंड खातंय ते!" मी आनंदाने नाचलेच. धागा कापला, पंखा घातला, बोट पाण्यात लोटली, पहिल्यांदा धक्क्यापासून सोडून दहा मिनिटं फिरवून आणली. थरथर गेली. गुणगुणही कमी. पण वळवलं की घरघर.

वहीत वळवलं, घरघर, वळवलं, घरघर, एवढंच आहे. मामंजींना मागच्या सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "गिअरचे दाते असणार. गिअर उघडावा लागेल."

"सरळ जाताना दाते फिरत नाहीत का?"

"फिरतात की."

"मग वळतानाच का वाजतात?"

"इंजिन असं नियमाने वागत नसतं, सूनबाई." हे कोण बोलतंय? ज्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं की आवाज कधी खोटं बोलत नाही, तेच.

पण मी कोण? पस्तीस वर्षं कुठे आणि माझे बारा दिवस कुठे! त्यांचं म्हातारपण कानापर्यंत पोचलं असेल का, असा विचार आला आणि माझीच मला लाज वाटली.

१७ तारीख, मंगळवार

सामानाच्या बोटीचं इंजिन बघायला पलीकडचा मेकॅनिक आला होता. एके काळी मामंजींच्या हाताखाली लाँचवर होता. अजून त्यांना उस्ताद म्हणतो. मी त्याला धरूनच आणलं. इंजिन चालू केलं, एकदा डावीकडे वळवलं, एकदा उजवीकडे. तो हसलाच.

"अहो उस्ताद, हे तर तुम्ही मला पहिल्याच वर्षी–"

"तुला विचारलंय का कुणी?" मामंजी गरजले. "चहा घे आणि तुझं काम बघ."

मेकॅनिकचं तोंड उघडंच राहिलं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा घेतला, एक शब्द न बोलता. मी धक्क्यापर्यंत मागे गेले. "सांगा ना, काय आहे?"

"वहिनी, उस्तादांच्या पुढे मी कसा बोलू? त्यांना कळलंय. सांगतील ते." आणि मग घुटमळून, "नोकरी लागली म्हणे तुम्हाला. ते एकटे राहणार का इथे?"

"दुपारचं जेवण शेजारीण देईल. ठरवलंय मी सगळं," मी म्हटलं. तो मान हलवून बोटीत चढला. ही इंजिनवाल्यांची जात म्हणजे! मान राखण्यापायी माझा महिना चालला.

२० तारीख, शुक्रवार

काही झालं नाही. गिअरचं तेल काढून पाहिलं. तेलात धातूचा चमकणारा कीस नाही, म्हणजे दाते झिजलेले नाहीत. मामंजी म्हणतात आठवडाभर थांबून परत पाहू. आठवडाभर!

आज फार कोंडल्यासारखं झालं. घर दोन खोल्यांचं. एकीत ते, एकीत मी, मधे स्वयंपाक. बाहेर पडावं तर सगळ्या वाटा पाण्याशी जाऊन संपतात. एकोणीस घरं, आणि एकोणिसांनाही ठाऊक की आज माझ्याकडे भाजी करपली. यांच्यानंतर कुणी मला जा म्हटलं नाही की राहा म्हटलं नाही. सगळ्यांनी गृहीतच धरून टाकलं. चालती होईल या आशेवर रोज त्या बोटीत उतरते, आणि ती बोट म्हणजे तिसरी खोली झालीय.

मामंजींचा राग येतो. मग त्यांचा मोजा रफू करते. हे दोन्ही एकाच संध्याकाळी होतं.

२१ तारीख, शनिवार

मेकॅनिकने न मागता पुडकं पाठवलंय. आत एक मोठं बेअरिंग आणि रबरी भाता, सुरकुत्या-सुरकुत्यांचा, पेटीच्या भात्यासारखा. चिठ्ठीत एवढंच: "लागेल. अडलं तर फोन करा." मामंजींनी दोन्ही वस्तू हातात घेऊन चाचपल्या. "ठेवून दे," म्हणाले. "त्याला फार अक्कल आलीय."

दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. सरळ असताना गुणगुण, वळवलं की घरघर. मग जे वळतं तिथेच ना दोष? इंजिन वळत नाही, पट्टा वळत नाही, पंप वळत नाही. वळतं ते शेपूट. आणि इंजिनातला दांडा शेपटात शिरतो तिथे, त्या सांध्याच्या तोंडाशी, एक बेअरिंग असणारच. शाळेतल्या मुलीला सुटेल असं गणित. अठरा दिवस माझ्याच हस्ताक्षरात समोर होतं.

मामंजींना सांगितलं.  "शेपूट काढणं दोन माणसांचं काम आहे," एवढंच म्हणाले.

"मग आपण दोघं आहोत की."

"मी कसला माणूस आता," असं म्हणून आत गेले.

२५ तारीख, बुधवार

शेपूट काढलं! काल शेजाऱ्यांनी बोट उतारावर ओढून दिली. आज खाली फळ्या, वरून दोर, सहा नट. मेकॅनिक फोनवर सांगत होता, मी खिडकीशी ऐकून धावत धक्क्यावर जात होते, परत खिडकीशी. मामंजी स्टुलावर बसून होते, त्यांनी आज एकही सूचना केली नाही. एरवी उंटावरून शेळ्या हाकतात, आज उंटच बसला होता.

आत भाता फाटलेला. त्यातून पाणी शिरून बेअरिंग गंजून लाल झालेलं. बोटाने फिरवलं तर हातातच घरघरलं. तोच आवाज! मी ते मामंजींच्या हातात ठेवलं. त्यांनी एकदा फिरवलं आणि परत दिलं. शाबासकी नाही, काही नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांना चुकल्याचं लागलं असेल. ज्याच्या कानाला बेटभर मान, त्याला सुनेने हरवलं.

२७ तारीख, शुक्रवार

काल सगळं बसवलं. इंजिन गार ठेवायला बाहेरचं पाणी आत आणणारी जाड नळी मधे येत होती, ती काढून पुन्हा घातली, क्लिप आवळली. आज बोट पाण्यात. सरळ – काही नाही. डावीकडे – काही नाही. उजवीकडे – काही नाही! अर्ध्या पाण्यापर्यंत जाऊन आले. मधे इंजिन बंद करून नुसती बसले पाच मिनिटं. दोन्ही काठ सारखेच लांब होते. इतकं मोकळं मला लग्नाआधीसुद्धा वाटलं नसेल.

जेवताना मामंजींनी विचारलं, "सोमवारी किती वाजता निघणार?"

"आठला."

"सामान?"

"ते कधीच बांधून ठेवलंय," मी हसून म्हटलं. नवी चप्पल, प्रमाणपत्रं आणि पांढरा कोट, हेच माझं सामान. दोन दिवस झाले पिशवी भरून.

"शेजारणीला सांगितलंस जेवणाचं?"

"हो. तुम्ही काळजी करू नका."

"मी कसली काळजी करणार," ते म्हणाले. मग भात कालवत राहिले, कालवत राहिले, खाल्ला नाही.

२९ तारीख, रविवार

हे पलीकडच्या काठावरून लिहितेय. वन्संच्या ओळखीची खोली. एक पलंग, एक खिडकी, खिडकीतून दुसऱ्या खोलीची खिडकी.

काल सकाळी साडेसहाला धक्क्यावर गेले तर बोट दिसेना. मग दिसली. तोंड दोराला लटकलेलं, मागचा सगळा भाग पाण्याखाली. इंजिन बुडालेलं. मी ओरडले की नुसतीच उभी राहिले, आठवत नाही.

शेजाऱ्यांनी ओढून थोडी वर घेतली. आत हात घालून पाहिलं, तर ती जाड नळी निसटलेली. क्लिप सैल. मीच आवळली होती ना गुरुवारी? मीच. रात्रभर पाणी आत आलं. एक क्लिप नीट आवळता येत नाही आणि निघाली प्रयोगशाळेत काम करायला.

मामंजी स्टुलावर नव्हते, धक्क्याच्या फरशीवरच बसले होते. नडगीला मोठं खरचटलेलं, विजार गुडघ्यापर्यंत ओली. पायरी चुकली म्हणाले. मी त्यांच्या पायाशी बसले. "माफ करा मला मामंजी. यांची बोट मी बुडवली. क्लिप मीच सैल ठेवली असणार."

"नाही," ते म्हणाले. "तू घट्ट आवळली होतीस."

"तुम्हाला काय माहीत?"

 उत्तराकडे माझं लक्षही नव्हतं, मी आपली रडत बोलत सुटले होते. "सगळं ठरवलं होतं हो मी. सकाळी आठला निघायचं, सहाच्या आत परत. तुमचं रात्रीचं जेवण मीच करणार होते. आता बोट नाही तर रोज कशी येऊ?"

"रोज?" ते म्हणाले.

"रोज म्हणजे रोज. नाहीतर बोट कशाला दुरुस्त करत बसले महिनाभर?"

"रोज परत येणार होतीस?" असं त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मग एकदम उठायला लागले, पडले, पुन्हा उठले, आणि भराभर सांगायला लागले. आजच्या आज इंजिनातलं पाणी काढा. प्लग काढून हाताने फिरवा. तेल काढा, डिझेल घाला, काढा, पुन्हा घाला. मेकॅनिकला फोन करा, म्हणावं उस्ताद हात जोडतो. एक क्षण थांबले नाहीत, एकदाही म्हणाले नाहीत की आठवडाभर थांबून पाहू. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं. नडगी, ओली विजार, मेकॅनिकचं उघडं तोंड, गिअरचे दाते. सगळं. मी पुढचं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मला तिथे उभं राहता आलं नसतं.

सामानाची बोट अकराला आली. पुढची मंगळवारी, आणि हजर व्हायचं सोमवारी. पिशवीत दोन साड्या जास्त कोंबल्या आणि चढले. त्यांनी हात वर केला होता, पण दुसऱ्याच दिशेला. मी कुठे बसलेय ते त्यांना दिसत नव्हतं. मी आवाज दिला नाही.

उद्या दहाला हजर व्हायचंय. सुटका झाली म्हणायची. ज्या खोलीत मला एखाद-दुसरी रात्र काढायची होती, तिथे आता रोजच्या रात्री.

५ तारीख, शनिवार

प्रयोगशाळेचं लिहायला पुष्कळ आहे, पण ते नंतर. आज बेटावर जाऊन आले.

जाऊ नये असंच वाटत होतं. आठवडाभर नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना मनात त्यांच्याशी भांडत होते. एकदा तर मोठ्याने बोलले, शेजारचा बाबू बघायला लागला. पण सकाळी पाय धक्क्याकडे वळले. सामानाची बोट अकराला लागते आणि बाराला सुटते. सोमवारी कामावर असायचं तर त्याच बोटीने परतायचं. म्हणजे भेटायला एक तास.

मामंजी धुतलेला सदरा घालून आठपासून धक्क्यावर बसले होते, असं शेजारणीने सांगितलं. मेकॅनिक मंगळवारी येऊन गेला होता. बोट उपसून पुन्हा धक्क्याला बांधलेली, इंजिन पुसलेलं, शेजारी तेलाचे डबे.

मी जवळ गेले. पावलं ओळखली त्यांनी. "सूनबाई, क्लिप मी सैल केली. मला वाटलं बालदीभर पाणी येईल, आठवडा जाईल. नळीच निसटली."

"माहीत आहे मला."

"आणि बेअरिंग पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"तेही माहीत आहे."

"मग आलीस कशाला?"

"आज शनिवार," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. मग मात्र मी बोलले. वीस वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, आज सगळं काढलं. मी तिथे डोकं खाली करून अडकले होते, तेव्हासुद्धा तुम्हाला ठाऊक होतं? पंप चांगला आहे हे माहीत असताना मला त्या बोळात उतरवलंत? ते "हो" म्हणाले. प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणाले. एकदाही सबब सांगितली नाही. तासातला अर्धा तास भांडणात गेला.

"तोंडाने विचारायचं होतंत, परत येणार का म्हणून. एका शब्दाचं काम होतं."

"नाही म्हणाली असतीस तर?" ते म्हणाले.  मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच राहिला. एकाने दुसरा कमी झाला नाही.

मग मी बोटीत उतरून इंजिन चालू केलं. तीनदा खोकलं आणि लागलं. त्यांनी मला लांब पेचकस इंजिनावर टेकवायला लावला, मूठ त्यांच्या कानाशी येईल एवढे ते धक्क्यावरून वाकले. डोळे मिटून ऐकत राहिले.

"इंजिन वाचलं. तेल आणखी दोनदा बदलायचं. पंधरा दिवस थांब, मग ने. मग रोज ये."

"मेकॅनिकला विचारते," मी म्हटलं. ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. धावत घरी गेले, खिडकीशी उभी राहून फोन लावला. तो म्हणाला, उस्ताद सांगतात ते बरोबर आहे, पंधरा दिवसच.

परत आले तेव्हा ते तिथेच वाकून बसले होते, पेचकस हातात.

"काय म्हणाला?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"बरं केलंस विचारलंस ते," मामंजी म्हणाले. "यापुढेही त्याला विचारूनच घेत जा. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस."

पस्तीस वर्षं अख्खं बेट ज्यांच्या कानावर हवाला ठेवून पाणी ओलांडत होतं, ते हे बोलले. नाही हो, असं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. निघालं नाही. सामानाच्या बोटीचा भोंगा वाजला, मी त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि बोटीत जाऊन बसले.